बंद दारामागचे भुंकणे

कुत्रा हा विषय २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या पटलावर होता. दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश ११ ऑगस्टला आला, २२ ऑगस्टला तो सौम्य करण्यात आला आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हटवण्याचे निर्देश देशभरासाठी निघाले. त्यावर दूरचित्रवाणीवर वादंग माजले, मोर्चेही निघाले. परंतु या सगळ्या गदारोळात ज्याच्याविषयी कोणी फारसे बोलले नाही, असा एक कुत्रा आहे. तो रस्त्यावर राहत नाही. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत, बाहेरून कुलूप लावलेल्या दारामागे तो राहतो. वय जेमतेम वर्षाचे, अंगात उत्साह मावत नाही, आणि घरची माणसे कामावर गेली की संध्याकाळपर्यंत तो भुंकत राहतो.

नवी मुंबईत, विशेषतः तुर्भे-वाशीच्या एपीएमसी मार्केटभोवतालच्या वसाहतींत, या कुत्र्याची कहाणी अधिक बिकट होते. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच घाऊक बाजार गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने मुंबईतून येथे हलवण्यात आले. या बाजाराचा दिवस शहराच्या दिवसाशी जुळत नाही. नाशिक, पुणे, सातारा, सांगली आणि परराज्यांतून येणारी भाजी मध्यरात्रीनंतर उतरू लागते. मागे सरकणाऱ्या ट्रकांचे भोंगे, फळ्या पाडल्याचा आवाज, हमालांच्या हाळ्या आणि टेम्पोंची वर्दळ पहाटेपर्यंत चालते. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्झच्या वरचे ऐकू येत नाही. कुत्र्याचा कान त्याच्या दुपटीहून अधिक वारंवारितेपर्यंत पोहोचतो. रात्री या आवाजांनी दचकणारे जनावर दिवसा एकटे पडले, तर त्याच्याकडून शांततेची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या स्वभावाकडेच पाठ फिरवणे होय.

तक्रार, नोटीस आणि दंड

अशा भुंकण्याचा शेवट सहसा सोसायटीच्या कार्यालयात होतो. शेजारच्या घरात रात्रपाळी करून आलेला कोणी झोपू पाहत असतो, कुठे परीक्षेचा अभ्यास सुरू असतो, कुठे एखादी वृद्धा आजारी असते. त्यांची तक्रार खोटी नसते. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आखून दिली आहे. मध्यम आकाराच्या कुत्र्याचे जवळून ऐकलेले भुंकणे ही मर्यादा सहज ओलांडते. मग तक्रारवहीत नोंद होते, नोटीस निघते, सर्वसाधारण सभेत ‘इमारतीत कुत्री नकोतच’ असा ठराव येतो.

असे ठराव कायद्यापुढे टिकत नाहीत. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताने किंवा उपविधी बदलूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आणि भुंकणे हे बंदीचे कारण ठरू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रहिवासी संघटनांच्या अशा बंदीवजा अटी बेकायदा ठरवल्या. तथापि याच सूचनांची दुसरी बाजू कुत्रा पाळणारे सोयीस्करपणे विसरतात. सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कुत्रा शांत राहील, विशेषतः रात्री, यासाठी मालकाने प्रयत्न केले पाहिजेत, असेही त्यांत सांगितले आहे. अधिकार आणि कर्तव्य एकाच कागदावर आहेत. दोन्ही पक्ष आपापला परिच्छेद तेवढा वाचतात.

प्रश्न दंडाने सुटत नाही, हे नवी मुंबईने यापूर्वी पाहिले आहे. सीवूड्समधील एका मोठ्या गृहसंकुलात भटक्या कुत्र्यांना खाऊ घातल्याबद्दल एका रहिवाशावर आकारलेला दंड साचत साचत आठ लाख रुपयांवर गेल्याचे प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजले. तो वाद भटक्या कुत्र्यांचा होता, सदनिकेतल्या कुत्र्याचा नव्हे. पण दंडाची रक्कम वाढली म्हणून कुत्र्यांची संख्या किंवा माणसांतील कटुता कमी होत नाही, हा त्याचा धडा येथेही लागू पडतो. बंद घरातील पिल्लाला तर नोटीस वाचताच येत नाही. नोटिशीने धास्तावलेला मालक त्याच्यावर ओरडतो, क्वचित हातही उगारतो; त्यामुळे पिल्लाची भीती वाढते आणि दुसऱ्या दिवशीचे भुंकणेही.

टाळेबंदीचा वारसा

ही समस्या आताच का वाढलेली दिसते, याचे एक उत्तर २०२० मध्ये आहे. मार्चअखेरीस देश टाळेबंद झाला. ११ ते १७ मे या काळात करोनाचे रुग्ण वाढल्यामुळे एपीएमसीचे बाजारही बंद ठेवावे लागले. कधी न झोपणारा हा परिसर आठवडाभर सुनसान झाला. घराघरांत माणसे चोवीस तास एकत्र होती, मुलांच्या शाळा मोबाइलच्या पडद्यावर आल्या होत्या आणि अनेक कुटुंबांनी याच काळात पिल्लू आणले. त्या पिल्लांच्या जगात एकटेपणा नावाची गोष्टच नव्हती. पुढे कार्यालये उघडली, ऐरोली-घणसोलीच्या माहिती तंत्रज्ञान संकुलांत माणसे परतली, हार्बरच्या गाड्या पुन्हा भरल्या, आणि त्या पिल्लांचे जग एका सोमवारी सकाळी अचानक रिकामे झाले. ती पिढी आता प्रौढ आहे. परंतु तिच्यामागून आलेल्या पिल्लांच्या वाट्यालाही तोच क्रम येतो: आणल्यावर पंधरा दिवस रजा काढून लाड करायचे, आणि सोळाव्या दिवशी दाराला कुलूप.

वाशीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला गाडीत पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी धरले, तर पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरात कुत्रा सलग दहा-अकरा तास एकटा राहतो. स्वीडनमध्ये दिवसा किमान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर नेण्याचा नियम आहे. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही, पण तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या नागराज निकालात प्राण्यांच्या ज्या पाच स्वातंत्र्यांना मान्यता दिली, त्यांत भय आणि क्लेशापासून मुक्ती तसेच नैसर्गिक वर्तनाची मुभा यांचा समावेश आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० चे कलम ११ आखूड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणे आणि प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणे हे दोन्ही गुन्हे ठरवते. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात सांगितलेला दंड आहे १० ते ५० रुपये. एवढ्या पैशांत एपीएमसीच्या दारात किलोभर कांदाही कधीकधी येत नाही.

भुंकण्याचे तीन अर्थ

‘भुंकणारे कुत्रे चावत नाहीत’ ही म्हण मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या वापरली, पण ते का भुंकते, याचा विचार त्यात नाही. पशुवैद्यक आणि वर्तनतज्ज्ञ या बाबतीत ढोबळमानाने तीन प्रकार करतात. जिन्यातली चाहूल किंवा ट्रकचा भोंगा ऐकून होणारे भुंकणे सावधगिरीचे असते. कारण थांबले की तेही थांबते. खेळणे किंवा खाऊ मिळावा म्हणून मालकाच्या तोंडाकडे पाहत केलेले भुंकणे मागणीचे असते; ते आपणच लाडाने शिकवलेले असते. तिसरे भुंकणे मात्र वेगळे. माणूस घराबाहेर पडताच, बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच ते सुरू होते. त्याला हेल काढून विव्हळण्याची, येरझाऱ्यांची, लाळ गाळण्याची, दाराची चौकट कुरतडण्याची आणि एरवी शिस्तीच्या कुत्र्याने घरातच लघवी करण्याची जोड असते. हा खोडकरपणा नव्हे आणि सूडही नव्हे. त्याला विरहभय म्हणता येईल. लहान मूल जत्रेत हरवल्यावर जसे हंबरडा फोडते, तसाच हा प्रकार आहे.

कोणते भुंकणे कोणते, हे ठरवण्यासाठी महागड्या साधनाची गरज नाही. घरात पडून असलेला जुना मोबाइल दाराकडे तोंड करून चालू ठेवला आणि संध्याकाळी चित्रफीत पाहिली, की निम्मे निदान होते. अनेक घरांत त्या चित्रफितीत कुत्रा दोन तास झोपतो आणि समोरच्या दारावर कुरिअरवाला आल्यावरच भुंकतो, असे दिसते. तेथे उपाय वेगळा. काही घरांत मात्र दार लागल्यापासून सलग तीन तासांची तडफड दिसते, आणि ती पाहिल्यावर पिल्लाला मारण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

अतिचंचलपणाबद्दलही असाच गैरसमज आहे. वैद्यकीय अर्थाने अतिचंचल असणारी कुत्री विरळा. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचे पौगंड वय. या वयात शक्ती अफाट आणि संयम कमी असतो. त्यातच पिल्लाला अठरा तासांपर्यंत झोप लागते, हे कित्येकांना ठाऊक नसते. रात्री बाजाराच्या गोंगाटाने आणि संध्याकाळी घरच्यांच्या कोडकौतुकाने झोपमोड झालेले पिल्लू थकलेल्या मुलासारखे अधिकच उधळते, चावे घेते, सोफ्यावरून उड्या मारते. फिनलंडमधील संशोधकांनी सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या माहितीवर केलेला अभ्यास मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७२.५ टक्के कुत्र्यांत चिंता किंवा नकोशा वर्तनाचे एक तरी लक्षण आढळले, आणि सर्वांत व्यापक होती ती आवाजाची भीती: ३२ टक्के. घाऊक बाजाराच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा असा आहे.

उपाय सावकाशीचा आहे

विरहभयावरचा सर्वमान्य उपाय कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे. एकटे राहणे ही गोष्ट पिल्लाला अक्षरओळखीसारखी शिकवावी लागते. किल्ली उचलणे, चपला घालणे, पिशवी खांद्याला लावणे या खुणांनीच त्याची धडधड सुरू होते. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ली उचलून पुन्हा खुर्चीत बसावे. त्या खुणांचा अर्थ हळूहळू पुसट होतो. मग दाराबाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात परतावे, नंतर एक मिनिट, दोन, पाच. कुत्रा अस्वस्थ होण्यापूर्वी परत येणे हे यातले मर्म आहे. एकदा घाबरला, की मागच्या पायरीवर यावे. पहिला अर्धा-पाऊण तास गाठायला कित्येक आठवडे जातात. पुढचे तास त्यामानाने लवकर साधतात. निघताना गळाभेटी आणि परतल्यावर आरती ओवाळल्यासारखे स्वागत, दोन्ही टाळावे. शिकवणी सुरू असताना त्याला दहा तास एकटे ठेवले, तर सकाळी शिकवलेले संध्याकाळपर्यंत धुऊन निघते. येथेच खरी अडचण आहे: या काही आठवड्यांसाठी आजी-आजोबा, शेजारी, पगारी सांभाळणारी व्यक्ती किंवा पाळणाघर यांपैकी काहीतरी उभे करावेच लागते.

व्यायामाचीही जोड हवी, पण तो डोळसपणे. चेंडूमागे तासभर धावून पिल्लू दमते कमी आणि चेकाळते जास्त. त्यापेक्षा सैल पट्ट्यावर, त्याच्या गतीने, झाडाबुंध्यांचा वास घेत केलेली अर्ध्या-पाऊण तासाची फेरी त्याचे डोके दमवते. बाजाराच्या प्रवेशद्वारांलगतचे रस्ते पहाटे टेम्पोंनी भरलेले असतात, तिथे सडक्या भाजीवर जगणारे उंदीर आणि आपापली हद्द राखणारी भटकी कुत्री असतात. ही फेरी सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांवर करणेच बरे. उन्हाळ्यात डांबर तापण्याआधी आणि पावसाळ्यात सरी थांबल्यावर निघावे. मुसळधार दिवशी घरातच टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावावे.

बाजार जवळ असण्याचा एक फायदाही आहे. आत खाऊ भरता येईल अशी रबरी खेळणी मिळतात. त्यांत उकडलेले गाजर, काकडी, लाल भोपळा आणि भात भरून, गोठवून, निघताना दिले, तर चाटण्या-चघळण्यात कुत्र्याचा पहिला कठीण अर्धा तास सरतो. मात्र याच बाजारातले चार जिन्नस त्याला विषासमान आहेत: कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे. कांदा-लसणाने त्याच्या तांबड्या पेशी नष्ट होतात, द्राक्षे-बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. घरच्या भाजी-आमटीचे उरलेसुरले त्याला घालण्याची आपली जुनी सवय म्हणूनच सोडावी लागते.

जे करू नये, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. त्यांनी आवाज दबतो, भय दबत नाही. ते चावण्याच्या किंवा स्वतःचेच पाय चाटून सोलण्याच्या वाटेने बाहेर पडते. वेल्सने २०१० मध्येच अशा पट्ट्यांवर बंदी घातली. सोबतीला दुसरे पिल्लू आणण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. ओढ माणसाची असेल, तर दुसऱ्या कुत्र्याने ती भागत नाही, आणि एका भुंकण्याची दोन होतात. तीव्र त्रासात औषधाचा आधार घेण्यात कमीपणा नाही. कुत्र्यांच्या विरहभयासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली. ही औषधे प्रशिक्षणाची जागा घेत नाहीत, प्रशिक्षण शक्य होईल एवढी शांतता देतात. आणि ती पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात.

पिल्लू आणण्यापूर्वीचा प्रश्न

या संकटाचे मूळ बहुतेकदा पिल्लू घरी येण्याआधीच रुजलेले असते. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवून दिले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी नाते जोडायला शिकते. या काळात आई आणि भावंडांपासून लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे निपजण्याचा धोका वाढतो. म्हणूनच कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री निषिद्ध केली. तरीही पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू ‘हाताळायला सोपे’ म्हणून घेणारे गिऱ्हाईक आहे, तोवर विकणाराही राहणार. २००३ मधील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने घराघरांत पगची हौस निर्माण केली. आता बर्फाळ प्रदेशात गाड्या ओढण्यासाठी जोपासलेला हस्की तुर्भ्याच्या दमट उकाड्यात दोन खोल्यांत येऊन पडतो. ज्या जातीला मैलोन्‌मैल धावायचे आहे, तिला खिडकीची जाळी दाखवून शांत बसवता येत नाही.

आणि जेव्हा शेजारी, सोसायटी आणि मालक तिघांचाही धीर सुटतो, तेव्हा एक दिवस पिल्लू दूरच्या रस्त्यावर सोडून दिले जाते. गळ्यात पट्टा असलेला, गाडीला न बुजणारा, इतर कुत्र्यांची भाषा न शिकलेला असा कुत्रा ट्रकांच्या रांगेत किंवा दुसऱ्यांच्या हद्दीत फार दिवस तग धरत नाही. तगलाच, तर तो भटक्यांच्या संख्येत भर घालतो, आणि मग त्याच्याचवर सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद होतात. घरातल्या कुत्र्याचा प्रश्न आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न यांच्यामधली भिंत अशी पातळ आहे. पहिल्याकडे दुर्लक्ष करून दुसऱ्याचा निकाल लागणार नाही.

सोसायट्यांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. तक्रार आली की थेट दंडाची भाषा न करता मालकाला चित्रफीत काढायला सांगणे, प्रशिक्षणासाठी दोन-तीन महिन्यांची मुदत देणे, त्या काळात भुंकण्याच्या वेळांची नोंद ठेवून ते कमी होते की नाही हे तपासणे, आणि दुपारी कुत्रा बाहेर काढणाऱ्या व्यक्तीला प्रवेश देणे, एवढ्याने बहुतेक भांडणे मिटतील. मालकानेही शेजाऱ्याच्या दारावर स्वतः जाऊन ‘एवढे महिने सांभाळून घ्या’ म्हणायला हवे. कायद्याचा कागद दाखवण्याआधी ही माणुसकी दाखवली, तर समोरूनही तीच मिळण्याचा संभव अधिक. महापालिकेने परवान्याच्या नोंदणीबरोबर नव्या मालकांना प्राथमिक मार्गदर्शन देण्याची व्यवस्था केली, उद्यानांच्या कोपऱ्यांत कुंपण घातलेले छोटे मोकळे तुकडे राखले, तर खर्च फार नाही आणि उपयोग मोठा आहे.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्राने लहानपणापासून ऐकली आहे. आजच्या सदनिकेतल्या कुत्र्याला तूप-पोळीची वाण नाही, महागडे खाद्य त्याच्या ताटलीत पडूनच असते. वाण आहे ती सोबतीची, आणि सोबत नसतानाही न घाबरता राहण्याच्या शिक्षणाची. ते शिक्षण देण्याइतका वेळ ज्या घरात नाही, त्या घराने पिल्लू न आणणे हीसुद्धा प्राणिप्रेमाचीच एक रीत आहे.